उघड्या जोडांचे शब्द

तुइ.

जिभेचे टोक क्षणभर दातांना टेकते, ओठांचा चंबू होतो, आणि तो पुरता मिटायच्या आत 'इ'काराने ओठ पुन्हा फाकतात. अर्ध्या श्वासात उमटून संपणारा हा शब्द. बिआते भाषेत तुइ म्हणजे पाणी. आसामचा दिमा हसाओ जिल्हा, त्याला लागून असलेल्या मेघालयातल्या जैंतिया टेकड्या आणि दक्षिणेकडच्या मिझोरामच्या डोंगररांगा एवढ्या मुलखात विखुरलेल्या बिआते लोकांची ही भाषा. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सन याच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा जो खंड १९०४ मध्ये निघाला, त्यात ती 'बेते' या नावाने 'जुन्या कुकी' भाषांच्या पंगतीत बसलेली आहे. तिच्या अवतीभवती ह्मार आहे, दक्षिणेला मिझो आहे, मणिपूरच्या बाजूला थाडो आणि पाइते आहेत. एका डोंगरावरचे बोलणे दुसऱ्या डोंगरावर जसेच्या तसे कळेल असे नाही. पण तहानलेल्या माणसाने दारात उभे राहून 'तुइ' म्हटले, तर या साऱ्या बहिणींच्या घरांतून पाण्याचे भांडे पुढे येईल.

या घराण्यातल्या रोजच्या शब्दांची चव आपण थोडी घोळवून घेऊ या. उदाहरणे मी मुख्यतः मिझोतून घेतो. २०११ च्या जनगणनेत सुमारे ८ लाख ३० हजार लोकांनी आपली मातृभाषा म्हणून नोंदवलेली ही बहीण सर्वांत अधिक लिहिली, छापली आणि कोशात बांधली गेली आहे. हे शब्द पहिल्यांदा ऐकताना जो आनंद होतो, तो मला बांबूच्या टोपलीपाशी बसल्यासारखा वाटतो. विणणाऱ्याने खिळा वापरलेला नसतो की डिंक. कुठली कामटी कुठून निघाली, कोणावरून गेली आणि कोणाखाली दडली, हे बोटाने दाखवता येते. इथले शब्द असेच विणलेले आहेत. एकेका अक्षराची कामटी, आणि जोड उघडा.

तुइचेच पाहा. 'मित' म्हणजे डोळा, तर मित्तुइ म्हणजे अश्रू. 'डोळ्यांत पाणी आले' असे आपणही म्हणतो, पण आपल्याला ते सांगायला पूर्ण वाक्य लागते. इथे तेवढ्यासाठी दोन अक्षरे पुरतात. 'आर' म्हणजे कोंबडी, आणि आरतुइ म्हणजे अंडे. 'पुइ' हे मोठेपणाचे शेपूट, म्हणून तुइपुइ म्हणजे मोठी नदी, आणि समुद्रसुद्धा. 'खुर' म्हणजे खळगा. तुइखुर म्हणजे डोंगराच्या कुशीत पाणी झिरपून साठते ती जागा. या एका शब्दामागे केवढे कष्ट उभे आहेत! मिझो गावे पूर्वापार डोंगराच्या माथ्यावर वसलेली, आणि पाणी उतारावर खाली कुठेतरी. पहाटे बायका पाठीवरच्या टोपलीत बांबूच्या नळ्या घेऊन खाली उतरायच्या, तुइखुरापाशी आपली पाळी येईपर्यंत थांबायच्या, आणि भरलेल्या नळ्यांचा भार कपाळावरच्या पट्ट्याने तोलत पुन्हा माथा गाठायच्या. एवढ्या श्रमाने घरी आलेल्या पाण्याचे नाव ज्या तीन रोमन अक्षरांत लिहितात, त्याच तीन अक्षरांत तिथे 'चवदार' हा शब्दही लिहिला जातो. जेवण रुचले की म्हणायचे, 'आ तुइ'. भाषाशास्त्राच्या वहीत ही दोन निराळी खाती असतील. पण तो चढ चढून आलेल्याला पाणी आणि चव यांत फार अंतर वाटत नसावे, असे मनात आल्याशिवाय राहत नाही.

हाच तुइ हातात घेऊन मिझोरामचा नकाशा उघडावा. तुइरियाल, तुइवॉल, तुइचांग, तुइवाइ... निळ्या रेषांच्या कडेने तो झिरपत गेलेला दिसतो. दक्षिणेला जी नदी म्यानमारमध्ये शिरून बंगालच्या उपसागराला मिळते, जिला बाहेरचे जग कलादान म्हणते, तिचे मिझो नाव छिमतुइपुइ: दक्षिण, पाणी, मोठे. आणि जी बांगलादेशात चितगावकडे जाते ती कर्णफुली, तिचे नाव खॉथ्लांगतुइपुइ. 'खॉथ्लांग' म्हणजे पश्चिम. आपण आपल्या नद्यांना देवींची नावे दिली, त्यांच्या कथा रचल्या, त्यांच्या आरत्या केल्या. गोदावरी म्हणताना आपल्या मनात आधी एक स्त्री उभी राहते. इथे नदीच्या नावातच वाट सांगून ठेवली आहे. माथ्यावर उभे राहून हात लांब करावा आणि म्हणावे, ते मोठे पाणी, तिकडे, मावळतीला. या साधेपणातही एक उदात्तता आहे. नाव उच्चारणाऱ्याचा चेहरा आपोआप त्या दिशेला वळतो.

प्राण्यांच्या नावांत 'सा' पुढे येतो. साकेइ वाघ, सावॉम अस्वल, साखी भेकर, साकुह साळिंदर. 'सा' म्हणजे जनावर आणि मांसही. शिकारीच्या रानातून शब्द थेट चुलीपाशी येतो.

मग माणसाच्या आत काय चालते, ते ही भाषा कसे सांगते? इथे मराठी वाचक घरी आल्यासारखा सुखावतो. आपले आतडे तुटते, काळीज फाटते, पोटात कालवते. आपली माया पोटात राहते आणि राग नाकावर. मिझोत 'रिल' म्हणजे आतडे. भूक लागली की म्हणायचे, 'का रिल आ टाम', म्हणजे माझ्या आतड्यात दुष्काळ पडला. मनाला 'रिलरू' म्हणतात. तिथेही तेच आतडे पुढे. 'थिन' म्हणजे यकृत, आणि रागाच्या शब्दांची सुरुवात तिथून होते: थिनरिम, थिनउर. 'लुंग' म्हणजे हृदय. थिन आणि लुंग शेजारी ठेवले की होतो थिनलुंग, आपण ज्याला अंतःकरण म्हणतो ते. आपल्या 'काळीज' या शब्दातही यकृत आणि हृदय एकमेकांत मिसळून गेलेलेच आहेत. खाटकाच्या दुकानातली कलेजी आणि आईचे काळीज यांना आपण एकच शब्द वाटून दिला. मिझोने दोघांना आपापल्या नावानिशी एका शब्दात नांदवले.

या लुंगला जेव्हा 'लेंग' भेटतो, तेव्हा मिझो भाषेतला कदाचित सर्वांत लाडका शब्द जन्माला येतो. लेंग म्हणजे भटकणे, सहज फिरत जाणे, कुणाकडे डोकावणे. लुंगलेन म्हणजे हृदयाचे असे भटकणे. गेलेल्या माणसाची आठवण, दुरावलेले गाव, संध्याकाळी उगाच दाटून येणारी हुरहुर, सारे त्यात मावते. मिझो गाण्यांतून हा शब्द इतका फिरतो की तो काढून घेतला तर निम्मी गाणी पोरकी होतील. पण मला त्याहून मोह पडतो तो त्याच्या भावंडांचा. 'इन' म्हणजे घर. इनलेंग म्हणजे घरी भेटायला आलेला, पाहुणा. आपला 'पाहुणा' संस्कृतातल्या 'प्राघूर्णक' शब्दापासून आला, आणि त्या घूर्ण धातूतही फिरणे, हिंडणे आहे; मात्र आपल्याकडे ते हिंडणे शतकांच्या वापराने इतके झिजले की कोश उघडल्यावाचून ते दिसत नाही. मिझो पाहुण्याच्या पायांना लागलेली धूळ अजून शब्दावर दिसते. आणि 'खॉम' म्हणजे एकत्र जमणे. लेंगखॉम झाई म्हणजे जमून गायची गाणी. एखाद्या घरी मृत्यू झाला की शेजारीपाजारी रात्री तिथे जमतात, मधोमध 'खुआंग' हा ढोल संथ लयीत वाजत राहतो आणि सारे मिळून गात बसतात. ख्रिस्ती भजनांचे शब्द आणि डोंगरातल्या जुन्या गळ्याची ढब यांच्या मीलनातून हा प्रकार घडला. म्हणजे एकटे भटकणारे हृदय लुंगलेन, ते हृदय शांतवायला दारी आलेला इनलेंग, आणि सगळ्यांनी मिळून गायचे ते लेंगखॉम. एका अक्षराने दुःखाच्या घराची सारी रीत सांगितली. हे कुणी कवीने ठरवून केले नाही. शतकानुशतके साध्या माणसांनी साधे बोलता बोलता ते जुळत गेले.

आता 'खुआ'. माझ्या मते या भाषेची खोली मोजायची असेल तर दोर इथे सोडावा. खुआ म्हणजे गाव. समासात शिरताना तो 'खॉ' होतो. खॉपुइ म्हणजे मोठे गाव, अर्थात शहर. इथपर्यंत सरळ आहे. पण पहाट झाली की मिझो माणूस म्हणतो 'खुआ आ वार', खुआ उजळला. अंधार पडला तर खॉथिम, हवा तापली तर खॉलुम, गारठा पडला तर खॉवॉत. जगाला म्हणतात खॉवेल. आणि जुन्या श्रद्धेतली ती विश्वमाता, जी जन्म देते आणि सांभाळते, तिचे नाव खुआनू. 'नू' म्हणजे आई. गाव, हवा, उजेड, जग आणि जगाची आई या सर्वांच्या पोटी एकच अक्षर. डोंगरमाथ्यावरच्या वस्तीत राहणाऱ्याची कल्पना करा. सकाळी दार उघडतो तो खाली दऱ्या धुक्याने भरलेल्या, आणि ढगांच्या वर तरंगणारे आपले गाव तेवढे दिसते. त्या घटकेला गाव हेच जग असते, गावावरचा उजेड हाच जगावरचा उजेड. अशा ठिकाणी हवेसाठी वेगळा शब्द घडवायची गरज पडली नसेल, तर त्यात नवल नाही.

वारांची गोष्ट अगदी निराळी, आणि बरीच अलीकडची. आपले वार ग्रहांच्या ताब्यात आहेत. सोम, मंगळ, बुध यांच्या राशीला आपण आठवडाभर असतो. मिझो आठवडा शाळा आणि चर्चभोवती घडला. 'नि' म्हणजे सूर्य, म्हणून दिवसही. सोमवार थॉहटाननि, म्हणजे कामाला लागण्याचा दिवस. मंगळवार थॉहलेहनि, पुन्हा कामाचा दिवस. शुक्रवार झिरतॉपनि, 'झिर' शिकणे, 'तॉप' संपणे. रविवार पाथियाननि, देवाचा दिवस. झिरतॉपनि म्हणताना पाटीदप्तर आवरून डोंगर उतरत घरी निघालेली पोरे दिसतात, आणि ही पोरे एका विशिष्ट काळाची आहेत. ११ जानेवारी १८९४ रोजी लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन तरुण मिशनरी मिझो डोंगरांत पोचले, त्यांनी रोमन लिपीत मिझो वर्णमाला बसवली, आणि पुढल्याच वर्षी, १८९५ मध्ये, पहिले मिझो वाचनपुस्तक छापून आले. त्याआधी १८७४ मध्ये लेविन या इंग्रज अधिकाऱ्याने लुशाई, म्हणजे मिझो, बोलीच्या संभाषणाचे पाठ प्रसिद्ध केले होते, पण गावागावांत लिहिणे-वाचणे रुजले ते या शाळांमुळे. १८९८ मध्ये दोघांचे व्याकरण आणि शब्दकोश निघाला. लॉरेनला लोक 'पू बुआंगा' म्हणत. लुंगलेइजवळच्या सेरकॉन इथे त्याने आयुष्यातली पुष्कळ वर्षे घालवली आणि शब्द टिपणे कधी थांबवले नाही. त्याचा मोठा कोश कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने १९४० मध्ये प्रसिद्ध केला. बहिणीच्या घरात एवढा कोश झाला, म्हणून आज आपल्याला ही चव घेता येते. बिआतेसारख्या लहान भाषांच्या वाट्याला असा टिपणारा हात फार कमी आला, याची रुखरुख वाटते. तिथला प्रत्येक शब्द आजही मुख्यतः बोलणाऱ्याच्या तोंडी जपला जातो.

लॉरेन आणि सॅव्हिजने बसवलेल्या त्या लिपीतून एक गोष्ट मात्र बरीचशी निसटली. मिझो ही सुरांची भाषा. चार सूर आहेत, आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. लिहिताना तो सूर बहुधा दिसत नाही. 'लेइ' घ्या. लेइ म्हणजे माती, लेइ म्हणजे पूल, लेइ म्हणजे जीभ आणि लेइ म्हणजे विकत घेणेही. कागदावर चारही सारखे, गळ्यातून निघताना आपापल्या उंचीवर. 'लुंग'चेही तसेच, हृदयाखेरीज तो दगडही आहे. आता या दोघांना एकमेकांपुढे उभे करू. लेइलुंग म्हटले की माती आणि दगड, म्हणजे जमीन, भूमी; आपल्या 'दगडमाती'चे हे प्रतिबिंबच. उलटे करून लुंगलेइ म्हटले की दगडाचा पूल, आणि तेच त्या दक्षिणेकडच्या शहराचे नाव.

लिपीची गोष्ट निघालीच आहे तर आपल्या 'ङ'ची आठवण काढायला हवी. क ख ग घ ङ असे आपण लहानपणी घोकतो, आणि पुढे आयुष्यभर या बिचाऱ्या पाचव्या अक्षराने सुरू होणारा एकही शब्द आपल्याला भेटत नाही. मिझोत तो दिमाखाने पहिल्या जागी बसतो. 'का ङाइ चे' म्हणजे तुझी आठवण येते. मराठी जिभेला सुरुवातीला तो जड जातो. टाळूच्या मागे, नाक आणि घसा यांच्या सीमेवर आवाज अडवावा लागतो. पण एकदा जमला की कळते, विरहाचा शब्द इथूनच निघायला हवा. हुंदकाही तिथेच अडतो.

या बहिणींच्या उच्चारांचे नातेही असेच कानाने अनुभवावे. मिझो आणि ह्मार चंद्राला 'थ्ला' म्हणतात, थाडो 'ल्हा' म्हणतात, पाइते 'खा'. डोंगराडोंगरांतून जाताना एकाच चंद्राची कोर जिभेवर अशी सरकत जाते. मिझोत थ्ला म्हणजे चंद्र, म्हणून महिनाही. थ्ला म्हणजे पंख. आणि थ्ला म्हणजे सावली, छाया, माणसाचा आत्मा. या शेवटच्या अर्थाने मिझो माणसाला एकदा मोठी मदत केली. छायाचित्र नावाची नवी गोष्ट दारात आली, तेव्हा तो अडला नाही; तिला थ्लालाक म्हणाला, सावली घेणे. सायकल आली तेव्हा 'थिर' म्हणजे लोखंड आणि 'साकॉर' म्हणजे घोडा जोडून थिरसाकॉर केले. उडणे म्हणजे 'थ्लॉक', त्यापासून विमान झाले थ्लॉहना. शेवटचा हा 'ना' लक्षात ठेवण्यासारखा आहे. क्रियेला तो लागला की क्रियेची जागा, साधन किंवा भाव तयार होतो. लुंगलेनचे लुंगलेनना होते. प्रत्येक नव्या वस्तूला घरातल्याच कामट्यांनी विणून घेतले, आणि जिथे उसनवार केली तिथेही वस्तू आपल्या अंगणात धुऊन घेतली. साबण 'साहबॉन' झाला, पैसा 'पॉइसा' झाला. बटाटा 'आलू'च राहिला.

नावांपाशी मराठी माणूस पुन्हा थबकतो. मिझोत पुरुषाच्या नावाच्या शेवटी 'आ', बाईच्या नावाच्या शेवटी 'ई'. आपला मुलगा-मुलगी, घोडा-घोडी कानात वाजू लागतो. दोन्ही भाषांचा गोत्रसंबंध काही नाही, हा निव्वळ योगायोग. पण गोड योगायोग. आडनावे सहसा नाहीत, आणि नावातच एखादे वाक्य गुंफलेले असते. मिझोरामचे माजी मुख्यमंत्री झोरामथांगा यांच्या नावात झोंची, म्हणजे मिझोंची, भूमी कीर्तिमान होते. इंग्रजांना न नमलेली आणि १८९५ मध्ये चितगावच्या तुरुंगात मरण पावलेली सरदारीण रोपुइलियानी. 'रोपुइ' म्हणजे भव्य, 'लियान' म्हणजे मोठे, आणि शेवटी ती ठाम 'ई'. आदराने हाक मारायची तर आजोबांचा 'पू' आणि आजीचा 'पी' परक्यालाही लावतात. मूल झाले की आईबाप मुलाच्या नावाने ओळखले जातात, अमक्याचा 'पा', अमक्याची 'नू'; आपल्या आळीत गण्याच्या आईला तिच्या नावाने कोण ओळखते? आभार मानायचे तर म्हणतात 'का लॉम ए', मला आनंद झाला. आपल्याकडे खेड्यातला माणूस 'धन्यवाद' म्हणत नाही, 'बरं वाटलं' म्हणतो, भाव तोच. रात्री निरोप घेताना म्हणायचे 'मांगठा', स्वप्न चांगले पडो.

ऐझॉलहून सेलिंगच्या बाजूला निघाले की महामार्गाच्या कडेला बांबूच्या छोट्या टपऱ्या लागतात. त्यांत भाज्या, फळे, कधी रसाच्या बाटल्या मांडलेल्या, किंमत लिहून ठेवलेली, आणि विकणारे कुणी नाही. घरची सारी शेतावर राबायला गेलेली असतात. या दुकानांना म्हणतात 'ङाह लोह दॉर'. दॉर म्हणजे दुकान, लोह म्हणजे नाही, आणि ङाह म्हणजे राखण करत थांबणे. ज्याच्यापाशी कुणी थांबत नाही ते दुकान. वाटसरू गाडी थांबवतो, जुडी उचलतो, डब्यात पैसे टाकतो, सुटे हवे असतील तर त्यातूनच काढून घेतो. त्या डब्याचे नाव 'पॉइसा दाहना'. 'दाह' म्हणजे ठेवणे. उरलेली दोन्ही टोके आता आपल्या ओळखीची आहेत.